सायकलवरची महिला सभा

“निवृत्ती, जा, महिला सभा घेऊन ये,” असं म्हणत पतंगे भाऊसाहेबांनी सभेची वही माझ्यापुढे सरकवली. “दुपारी दोनच्या आत परत ये. आणि पहिली दोन पानं कोरी सोड. मजकूर मी संध्याकाळी लिहितो.”

“किती बायका घेऊ?” मी विचारलं.

“शंभराच्या वर घे. उद्या ग्रामसभेत कमानीचा ठराव आहे. बायकांचा भक्कम पाठिंबा दिसला पाहिजे.”

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, जानेवारीच्या पंचवीस तारखेची. मी तेव्हा आमच्या पिंपरटेकच्या ग्रामपंचायतीत शिपाई होतो आणि पतंगे आमचे ग्रामसेवक. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायकांनी वेगळी सभा घ्यावी, आपल्याला काय हवं-नको ते सांगावं आणि ते वहीत उतरावं, असा नियम आहे. आमच्या गावात तो नियम पाळला जाई, पण आमच्या पद्धतीनं. मी वही लाल फडक्यात बांधून सायकलच्या कॅरियरला अडकवायचो आणि दारोदार फिरायचो. कुणी भाकरी थापता थापता सही करायची, कुणी गोठ्यातून येऊन शेणाचा हात पुसून अंगठा उठवायची. सह्या आधी आणि सभा मागाहून. चार वर्षांत आमची महिला सभा एकदाही कुठे बसली नाही. ती सायकलवरून फिरली, आणि तिला फिरवणारा मी. आईबापांनी नाव निवृत्ती ठेवलं, पण ह्या कामातून कधी सुटका झाली नाही.

कमानीचंही सांगायला हवं. गावाच्या तोंडाशी भव्य स्वागत कमान उभारायची आणि तिला कैलासवासी आबासाहेब जगदाळे यांचं नाव द्यायचं, असं सरपंचांनी ठरवलं होतं. आबासाहेब हे सरपंचांचे वडील. आता ‘सरपंच’ म्हणजे बळवंतराव जगदाळे, कारण सगळं गाव त्यांनाच सरपंच म्हणायचं. खऱ्या सरपंच होत्या त्यांच्या पत्नी इंदुमतीवहिनी, कारण जागा बायकांसाठी राखीव होती. पण कार्यालयात बसायचे बळवंतराव, फोन घ्यायचे बळवंतराव, आणि वहिनींना गाव वहिनीच म्हणायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही, खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी मंगळवार होता, म्हणजे बाजारचा दिवस. माझी बायको हौसा मेथी-शेपूच्या पेंड्या घेऊन पहाटेच बाजारतळावर गेली होती. जाताना मी तिच्यापुढे चहाचा कप धरला, तर म्हणाली, “मंगळवारचा चहा कवा घेतलाय का मी?” हे खरं होतं. बाजारतळ म्हणजे उघडं मैदान. पुरुष कुठल्याही भिंतीच्या आड उभे राहतात. बायकांनी कुठे जायचं? म्हणून सकाळी सहापासून संध्याकाळी पाचपर्यंत दीडशे बायका उन्हात बसायच्या आणि पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. हौसा त्यापायी दोनदा आजारी पडली होती. लघवीला आग होऊन रात्रभर तळमळायची. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, भरपूर पाणी पीत जा. ही त्याला म्हणाली, “मंगळवार सोडून पिते.” बाजारातल्या बायका मला नेहमी सांगायच्या, “नाना, पंचायतीत आमचं तेवढं बोला.” मी म्हणायचो, बोलतो. आणि कुणापाशीच बोलायचो नाही. शिपायाचं कोण ऐकतंय, असं म्हटलं की सुटायला बरं पडतं.

तर वही बांधली आणि आधी जगदाळ्यांच्या बंगल्यावर गेलो. पहिली सही अध्यक्षांची, म्हणजे वहिनींची, लागायची.

बळवंतराव पडवीत फोनवर होते. कमानीवर दोन सिमेंटचे हत्ती बसवायचे होते, त्याबद्दल मूर्तिकाराशी त्यांची बोलणी चालली होती. मला हातानंच ‘बस’ म्हणाले. आतून वहिनी आल्या, वही घेतली आणि म्हणाल्या, “भावजी, हात पिठाचे आहेत. सही करून पाठवते. तवर चहा घ्या.”

चहा आला. बळवंतरावांनी फोन ठेवला आणि मला विचारलं, “निवृत्ती, सोंड वर असावी का खाली?”

“वर बरी दिसंल,” मी म्हणालो.

“पण वर केल्यावर कमानीच्या अक्षरांना लागंल की.”

“मग एकाची वर, एकाची खाली.”

त्यांना हे इतकं पटलं की त्यांनी लगेच पुन्हा फोन लावला. माझा दुसरा चहाही झाला. मग वहिनींनी फडक्यात नीट बांधलेली वही आणून दिली. मी ती न उघडता कॅरियरला लावली. चार वर्षांत वही उघडून बघायची वेळ कधी आलीच नव्हती.

वाटेत अंगणवाडीपाशी सायकलची चेन पडली. मी वही आत रत्नप्रभाबाईंच्या टेबलावर ठेवली, सही करून ठेवा म्हणालो आणि चेन बसवायला लागलो. रत्नप्रभाबाई म्हणजे गावातली एकच बाई जी भाऊसाहेबांना तोंडावर उलट बोलायची. त्यांनीही वही गुपचूप बांधून परत दिली. मी काळे हात विजारीला पुसले आणि बाजाराला लागलो.

बाजारात सुरुवात नेहमी सगुणा कासारणीपासून. तिची बांगड्यांची पथारी अगदी तोंडाशी असते, आणि ती सातवी शिकलेली. मी वही उघडून सह्यांचं पान तिच्यापुढे धरलं. तिनं बोट लावून पान मागं उलटलं.

“नाना, ह्ये काय लिवलंय?”

“काय न्हाई. पानं कोरी हायत.”

“कोरी कुठली? भरल्यात की,” असं म्हणून ती मोठ्यानं वाचायला लागली. “‘विषय एक. मंगळवारच्या बाजारात दीडशेच्या वर बायका दिवसभर बसतात. त्यांना जाण्यासाठी जागा नाही. म्हणून त्या पाणी पीत नाहीत व आजारी पडतात. तरी या वर्षीच्या निधीतून कमान न बांधता बाजारतळावर बायकांसाठी स्वच्छतागृह बांधावे.’ खाली ‘सूचक’ म्हणून लिवलंय आन म्होरं मोकळं सोडलंय.”

वहीच्या पानांना नंबर असतात, प्रत्येक पानावर पंचायत समितीचा शिक्का असतो. एकही पान फाडता येत नाही. अक्षर गोल, टपोरं. हे काम रत्नप्रभाबाईंचंच, याविषयी मला शंका राहिली नाही.

“आन ती वही इकडं,” मी म्हणालो. “कायतरी घोळ झालाय.”

पण वही माझ्या हातात यायच्या ऐवजी पुढच्या पथारीवर गेली. तिथून कांदेवालीकडे, तिथून बोंबीलवालीकडे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना सगुणा ओरडून सांगत होती. बायका सह्या करत होत्या, अंगठे उठवत होत्या, आणि वर सगुणाकडून भर घालून घेत होत्या. “लिव, पाण्याचा नळ आत पायजे.” “लिव, दाराला कडी आतनं पायजे. भाईरनं नगं!” असा हशा बाजारात मी कधी ऐकला नव्हता. गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि ह्या बायका वहीभोवती गोळा. चार वर्षांत पहिल्यांदा आमची महिला सभा भरली होती आणि ती कुणी बोलावलीच नव्हती.

मी वहीच्या मागे मागे फिरत होतो आणि एका पथारीपासून जरा लांब राहत होतो. हौसाच्या. त्याला कारण होतं. हौसाची सही मी कधी घ्यायचोच नाही. घरचीच तर सही, तिला कशाला त्रास, म्हणून तिच्या नावाची सही मीच ठोकून द्यायचो.

पण वही आपल्या पायांनी तिच्यापुढे गेली.

हौसानं सगळं वाचलं. ती तिसरी शिकलेली, बोट ठेवून ठेवून वाचते. वाचून झाल्यावर तिनं कुतूहलानं मागची पानं चाळायला सुरुवात केली. मागच्या ऑक्टोबरची सभा, त्याच्या मागची ऑगस्टची. एका जागी तिचं बोट थांबलं.

“‘सौ. हौसाबाई निवृत्ती घोलप.’ ही कोन?”

“तूच की,” मी म्हणालो.

“मी सही ‘हौसा’ येवढीच करती. मला येवढंच येतंय.” तिनं आणखी पानं उलटली. “हितंबी हाय. हितंबी. अवं, चार वर्सं मी सभंला जातीया आन मलाच ठावं न्हाई!”

बाजार हसून फुटला नुसता. बोंबीलवालीनं हसता हसता डोळ्याला पदर लावला. मी हसायचा प्रयत्न केला, पण हौसा हसत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला फार लाज वाटली. आजही तो मंगळवार आठवला की कानशिलं गरम होतात.

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं, ‘हौसा’ अशी दोन अक्षरं काढली, आणि वही मला दिली. “आता जावा. आन उद्या ह्येच वाचायचं. दुसरं कायबी वाचलं तर मी तितं असंन.”

दोन वाजता भाऊसाहेबांनी वही उघडली. आधी त्यांनी चष्मा पुसला, मग पानं मोजली, मग शिक्के बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

“निवृत्ती, हे कुणी लिहिलं?”

“मला म्हाईत न्हाई, भाऊसाहेब.”

“सह्या किती?”

“एकशे अठ्ठावीस.”

त्यांनी वही मिटून फडक्यात बांधली. त्यांची बदलीची ऑर्डर यायची होती आणि त्यांना कुठलंच झेंगट नको होतं. शेवटी म्हणाले, “सरपंचांना आत्ता काही सांगू नकोस. उद्या सभेतच बघू.”

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं आणि शाळेच्या पटांगणात ग्रामसभा सुरू झाली. एरवी बायका म्हणजे मागच्या कोपऱ्यात पाच-सहा. त्या दिवशी शंभरावर. सतरंज्या पुरल्या नाहीत, तर त्या तशाच मातीत बसल्या. बळवंतराव खूश झाले. “बघितलंस का निवृत्ती,” ते माझ्या कानात म्हणाले, “कमानीसाठी केवढ्या बायका लोटल्यात!” टेबलापाशी मधल्या खुर्चीत ते, एका बाजूला भाऊसाहेब, आणि टोकाच्या खुर्चीत डोक्यावर पदर घेतलेल्या वहिनी.

भाऊसाहेबांनी महिला सभेचा वृत्तांत वाचायला घेतला. पहिल्या वाक्याला आवाज बरा होता. ‘जाण्यासाठी जागा नाही’ इथे तो बारीक झाला. ‘कमान न बांधता’ हे शब्द तर त्यांनी जवळजवळ गिळले.

“मोठ्यानं वाचा की,” बळवंतराव म्हणाले.

भाऊसाहेबांनी वहीच त्यांच्यापुढे ठेवली. बळवंतरावांनी वाचलं. मान लाल झाली.

“हे अक्षर कुणाचं?”

त्यांनी वही उचलून सगळ्यांना दाखवली.

“मी विचारतोय, कुणाचं अक्षर? वही पंचायतीची आहे. तिच्यात कुणीही उठून काहीही खरडायचं? ज्यानं लिहिलं त्यानं कबूल करावं, नाहीतर मी वर तक्रार करणार.”

मी रत्नप्रभाबाईंकडे पाहिलं. त्या खाली मान घालून बसल्या होत्या. विधवा बाई, अंगणवाडीच्या नोकरीवर दोन पोरी शिकवत होती. तक्रार झाली असती तर पहिलं बालंट तिच्यावर आलं असतं. मला काय झालं कोण जाणे. चार वर्षं दुसऱ्याच्या नावाच्या सह्या केल्या होत्या, तर अजून एक खोटं बोलायला काय हरकत, असं काहीतरी मनात आलं असेल. मी पाण्याचा जग खाली ठेवला.

“मी लिवलं, सरपंच.”

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. हौसाचं तोंड उघडं पडलेलं मला दिसलं.

“तू?” बळवंतराव म्हणाले. “तू लिहिलंस हे?”

“व्हय. माजंच अक्षर.”

तेवढ्यात टोकाच्या खुर्चीतून आवाज आला. “भावजी, त्या फळ्यावर ‘स्वच्छतागृह’ लिहून दाखवा बरं.”

वहिनी बोलत होत्या. ग्रामसभेत त्यांचा आवाज गावानं पहिल्यांदाच ऐकला.

मी फळ्याशी गेलो. खडू हातात घेतला. ‘स्व’ लिहिला. पुढच्या ‘च्छ’पाशी घाम फुटला. जे सुचलं ते लिहिलं आणि बाजूला झालो. हेडमास्तरांनी फळ्याकडे बघून डोळ्यांवर हात घेतला. पोटं धरून हसले लोक.

“अक्षर माझं आहे,” वहिनी म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या. “काल भावजी चहा पीत होते तेव्हा मी आत बसून लिहिलं. सूचक म्हणून नाव लिहायचं धाडस झालं नव्हतं. आता लिहिते.” त्यांनी भाऊसाहेबांच्या खिशाचं पेन घेतलं, वही ओढली आणि नाव लिहिलं. पूर्ण नाव.

हशा जागच्या जागी थांबला. बळवंतराव खालच्या आवाजात म्हणाले, “अगं, घरात सांगायचं की.”

“तीनदा सांगितलं,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी आवाज खाली केला नाही. “एकदा तुम्ही फोनवर होता. एकदा जेवत होता. एकदा ‘बघू’ म्हणालात. म्हणून चौथ्यांदा वहीत लिहिलं. वहीतलं तरी तुम्ही वाचता.”

बळवंतरावांनी वहीकडे पाहिलं. वीस-बावीस वर्षांचा संसार, आणि बायकोचं अक्षर त्यांनी सहीपलीकडे बघितलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर अगदी स्पष्ट लिहिलेलं होतं. मग त्यांनी समोर मातीत बसलेल्या बायकांकडे पाहिलं. माणूस मतं मोजणारा होता, हे कबूल. पण मी जवळून बघत होतो. त्यांनी एकदा घसा खाकरला आणि वही वहिनींच्या बाजूला सरकवली.

“वाचा,” ते म्हणाले.

घरी अगं-तुगं करणारा माणूस सगळ्या गावासमोर ‘वाचा’ म्हणाला. वहिनींनी वाचलं. नळासकट, आतल्या कडीसकट. हात वर करा म्हटल्यावर बायकांचे सगळे हात वर गेले, आणि पुरुषांचे एकमेकांकडे बघत बघत गेले. भाऊसाहेबांनी ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं. चार वर्षं ते हे दोन शब्द लिहीत होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून लिहिताना दिसले.

बांधकाम एप्रिलपर्यंत उभं राहिलं. मूर्तिकारानं हत्ती तोवर करून ठेवले होते, ते कुठं टाकायचे म्हणून बळवंतरावांनी तिथेच दाराच्या दोन बाजूंना बसवले. एकाची सोंड वर, एकाची खाली. बाजारातल्या बायका अजूनही ‘जरा हत्तीकडं जाऊन येते’ असं म्हणतात, आणि नवा माणूस चक्रावतो.

पण मला सांगायचं ते त्या दिवशीचंच. सभा संपली आणि हौसा आणि मी घराकडे निघालो. शाळेचं फाटक ओलांडेपर्यंत ती पुढे पुढे चालली. मग म्हणाली, “खोटं बोलला, पर बरं बोलला.”

मी खाली बघत चालत राहिलो.

“एक सांगा. चार वर्सांत माज्या नावानं काय काय मंजूर केलंत?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी आठवून आठवून सांगितलं. कुस्त्यांच्या मैदानाचा लाउडस्पीकर. जगदाळ्यांच्या बंगल्यापर्यंतचे दिवे. तालमीची फरशी. चावडीतले पंखे.

“आन ह्ये समदं मी मागितलं?”

“एकमतानं.”

ती रस्त्यात थांबली आणि हसायला लागली. कालपासून अडकलेलं सगळं हसू तिनं तिथं सोडलं. मीही हसलो, सुटल्यासारखं वाटलं. हसता हसता ती एकदम वळली आणि सरळ चावडीकडे चालू लागली.

आमच्या गावात चावडीवर बायका चढत नाहीत. समोरून जायचं तरी पदर पुढे ओढून, झपाझप. हौसा पायऱ्या चढली. वर चार म्हातारे पत्ते खेळत होते. ते बघतच राहिले. तिनं भिंतीवरची बटणं चाचपली, एक दाबलं, आणि चकती पाचावर फिरवली. जानेवारीतला गार वारा कमी होता म्हणून की काय, पंखा गरगर फिरायला लागला. पत्ते उडाले. बदाम, किलवर, सगळे चावडीभर.

“अगं हौसा, येड लागलं का तुला?” त्यांच्यातले नामदेवबुवा ओरडले. “थंडीत पंखा?”

“मीच मंजूर केलेत,” हौसा म्हणाली आणि पंख्याखाली ऐसपैस मांडी घालून बसली. “चालत्यात का न्हाई ते बघाया आले.”

“चालत्यात, चालत्यात. बंद कर आता, डाव मोडला आमचा.”

“करते की,” ती म्हणाली. “आदी मलाबी पानं वाटा.”

म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. पंखा फिरत होता. मी पायऱ्यांच्या खाली उभा होतो, आणि वर जावं की नाही हे मला कळत नव्हतं. शेवटी नामदेवबुवांनी पत्ते गोळा केले, पिसले, आणि पाच जणांत वाटले.